यशाची करवत आणि खालचा माणूस

बुधवार, डिसेंबर १९६८. आचरा, तुझ्या घराची पडवी. तुझ्या बाराव्याचा दिवस.

हजर: तुझी इंदू, तुमच्या मुली, तात्याकाका, तुझा दोर सांभाळणारा पांडू, चुलीसाठी फाटी गोळा करणारी भागी आणि मी, तुझी आक्का. बाकीची मंडळी जेवून परतली, त्यांची नावं लिहीत बसत नाही. तू नव्हतास. हे लिहायची गरज नव्हती, पण हजेरी घ्यायची म्हटली की मी पुरी घेते, तुला ठाऊक आहे.

यशा, आज दिवसभर सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. कणकवलीहून इंदूचे मामा आले, तेही पायांवर पाणी घेण्याआधीच म्हणाले, "झाडावरसून पडलो काय गो?"

मी म्हटलं, "नाय मामा. कावीळ झाली."

त्यांनी पायांवर पाणी घेतलं. मग म्हणाले, "कावीळ? पण तो तर ता मशीन घेवन झाडार चडत होतो ना?"

जणू काविळीने मरायचा हक्क तू घालवून बसला होतास. पेट्रोलची करवत घेऊन झाडावर चढणारा माणूस अंथरुणात जातो, हे कोणाला पटतच नव्हतं. आणि खरं सांगू, एवढ्या दुःखातही मला मनातून थोडी ऐट वाटली. तू पडला नाहीस. अख्खी वाडी तीन वर्षं मान वर करून वाट बघत होती, आणि तू एकदाही पडला नाहीस.

मंडळी गेल्यावर पांडू पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला. काहीतरी विचारायचं असलं की तो असाच उभा राहतो.

"आक्का, रागवू नकात. रेडो माका द्या. शाळेवरची खांदी मी काढतंय."

इंदू पत्रावळी उचलत होती. तिचा हात थांबला. पांडूचं लग्न होऊन अजून वर्ष झालेलं नाही, आणि ते लग्न इंदूनेच जमवलेलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मशीन ह्येंचा. पण कामाचा आक्का सांगतीत तसा." आणि आत गेली.

म्हणजे गोष्ट माझ्यावर आली. मी हो म्हटलं तर पांडू तुझं ते रेडो मशीन घेऊन वर जाणार. नाही म्हटलं तर तडकलेली आंब्याची फांदी शाळेच्या कौलांवर तशीच लोंबत राहणार. मास्तरांनी पूर्वेच्या खोलीतली मुलं आधीच ओटीवर आणून बसवली आहेत. मी पांडूला सांगितलं, "उद्या सकाळी ये. तेव्हा सांगते."

तुला विचारल्याशिवाय मी कामाचा शब्द कोणाला दिला नाही. माणसं जमवायची मी, गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, पण झाड बघून हो-नाही म्हणायचास तू. म्हणून आता तुला विचारत बसले आहे. आणि विचारता विचारता कळतंय की तू जे करायचास ते मी रोज बघितलं, पण त्यातलं बरंचसं का करायचास हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सुरुवातीपासून आठवून बघते.

तू बोटीवरची इंजिनखान्यातली नोकरी सोडून आलास तो दिवस. मालवण बंदरात बोट लांब उभी, आणि पडावात सगळ्यांच्या ट्रंका, तुझ्या मांडीवर मात्र गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. बायकोकडे बघायच्या आधी तू ते कोरड्या वाळूत नीट ठेवलंस. इंदू अजून त्यावरून बोलते. तात्याकाका गोधडी चाचपून म्हणाले, "पेटी हाडलंस काय रे? भजनाक बरी झाली."

तू म्हणालास, "होय काका. पण हिचो सूर एकच."

दुसऱ्या दिवशी अंगणात तो सूर तू सगळ्यांना ऐकवलास. कोंबड्या माडांच्या पलीकडे गेल्या, शेजारच्यांच्या म्हशीने दावं तोडलं, आणि तात्याकाका ओरडले, "बंद कर तो रेडो!" तेव्हापासून त्या मशिनाचं नाव रेडो. मुंबईच्या कुठल्याशा वखारीतून जुनं घेतलेलं, दात झिजलेलं मशीन. तू कानशीने एकेक दात घासत बसायचास, आणि इंदू म्हणायची, "माज्या दातांक कधी इतक्या बघलंस नाय."

पहिल्या हंगामात तू ते झाडावर नेलंच नाहीस. जमिनीवर पडलेले ओंडके तेवढे कापलेस. मला वाटलं घाबरतोस. मग एके दिवशी फणसाचा ओंडका कापताना करवतीचं टोक मागे लपलेल्या एका खुंटाला लागलं आणि मशीन जिवंत असल्यासारखं वर उसळलं. तुझ्या कानाजवळून गेलं. खांद्यावरचा टॉवेल साखळीत सापडला, आणि बघता बघता त्याच्या चिंध्या झाल्या. तू मशीन बंद केलंस, चिंध्या हातात घेतल्यास आणि किती तरी वेळ त्या चाळत बसलास. मला वाटलं, आता हा मशीन विकणार. तू म्हणालास, "आक्का, ह्या टोकान मारला. मधल्यान नाय. बघ गो, टोकच उडता."

म्हणजे जीव जाता जाता वाचला आणि तुला कुतूहल कशाचं, तर कोणत्या भागाने उसळी घेतली याचं. त्या दिवसापासून अंगावर टॉवेल नाही, धोतर नाही, बोटीवरचा तुझा निळा बॉयलर सूट तेवढा. आणि करवतीचं टोक कुठे आहे हे दिसत नसेल तर काप घ्यायचा नाही. भर उन्हात तो सूट घालून तू निघालास की भागी म्हणायची, "चललो बोटीर!"

मग एकदाचा वर गेलास. तुझी ती तयारी मला अजून पाठ आहे. मशीन आधी खाली जमिनीवर सुरू करायचं, गरम करायचं, बंद करायचं. मग तू रिकाम्या हाताने चढायचास. बसायची जागा ठरली, दोर बांधले गेले, की पांडू खालून मशीन वेगळ्या दोराला अडकवून वर पाठवायचा. मी एकदा म्हटलं, हा सगळा नाच कशाला? तू म्हणालास, थंड मशिनाची दोरी पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि वर बसून ओढणाऱ्याचा तोल आधी जातो.

कमरेचा एक दोर खोडाभोवती. तो असताना वर आणखी एक, दुसऱ्या फांदीला. आणि खोडाभोवतीच्या दोरात तू होडीच्या नांगराची बारीक साखळी ओवून घेतली होतीस. "दोर करवत कापीत, साखळी कापूची नाय," असं तू सांगायचास. भागी त्यावरही बोललीच. "बैलाक दावा पुरता. ह्येका साखळी लागता."

एका हाताने मशीन कधी धरलं नाहीस. खांद्याच्या वर कधी उचललं नाहीस. फांदी आधी खालून थोडी चिरायचास, मग वरून, म्हणजे ती साल ओढत तुझ्या अंगावर येत नसे. आणि शेजारच्या फांदीवर हात पोचत असला तरी तू मशीन बंद करायचास, कमरेला लोंबत सोडायचास, दोर सोडायचास, सरकायचास, बांधायचास, आणि मग पुन्हा सुरू. इथे आपलं भांडण व्हायचं. मी घड्याळ लावून बसले होते. मनगटाएवढ्या फांद्यांना हातकरवतीने जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, हे मी तुला दाखवून दिलं. मग पेट्रोल का जाळायचं?

"तू घड्याळ बघतंस, मी हात बघतंय," तू म्हणालास. "करवत ओढून दमलेलो हात गाठ बरी मारीना."

मी म्हटलं, "आणि त्या धोंड्याएवढ्या मशिनाने हात दमत नाही?"

"दमता. पण कमी येळ."

"कमी वेळ नाही, हेच तर मी दाखवलं!"

मग तू हसायचास आणि कानात बोट घालायचास. इंजिनखान्यात एक कान तसाही मंद झाला होता, तो नेमका माझ्या बाजूला यायचा. बारीक फांद्यांना हातकरवत, जाड फांद्यांना मशीन, असं मी म्हणत राहिले आणि तू "बघूया" म्हणत राहिलास. ते बघायचं राहिलंच. अजूनही माझंच बरोबर आहे असं मला वाटतं. तुला उलट बोलता येत नाही याचा फायदा घेत नाही, फक्त नोंदवून ठेवते.

आणि मुंग्यांच्या बाबतीत तर तू साफ चुकलास. पेट्रोलच्या धुराने तांबड्या मुंग्या पळतात, असा तुझा शोध. मी चढायच्या आधी नारळाच्या सोडणांचा धूर करायला सांगितलं, तू ऐकलं नाहीस. दोन दोरांनी बांधलेला माणूस, हातात बंद मशीन, आणि बॉयलर सूटच्या आत मुंग्या. खाजवायला हात मोकळा नाही. तू वरून ओरडत होतास, "आक्का, काय तरी कर गो!" आणि खाली आम्ही सगळे हसून हसून जमिनीवर. त्या संध्याकाळी इंदूने तुझ्या पाठीला खोबरेल लावताना मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. पुढच्या खेपेला सोडणांचा धूर झाला, पण कोणाच्या सांगण्यावरून ते तू कबूल केलं नाहीस.

आता भागीची गोष्ट. मी आज तीच पुन्हा पुन्हा आठवते आहे.

झाडाला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालायचं, ही आपल्या बाबांपासूनची रीत. बुंध्याशी नारळ ठेवायचा, एकाने देवाला हाक घालायची आणि बाकीच्यांनी दर ओळीला होय म्हाराजा म्हणायचं. बाबांनंतर ते तू घालायला लागलास आणि तुझा आवाज मोठा, त्यामुळे रंग चढायचा. मशीन आल्यावर तू त्यात आपल्या कामाच्या गोष्टीही घातल्यास. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या झाडाक हात लावतंव, राग धरू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"चडणाऱ्याचो पाय घट्ट रवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"दोर तपासलो आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

दर काप घेण्याआधीही वरून तीच चाल. मशीन बंद करून तू ओरडायचास, "खालची माणसा लांब झाली रे म्हाराजा?" आणि खालून सगळे एका सुरात, "होय म्हाराजा!" मग मशीन सुरू.

तात्याकाकांच्या गोठ्यावरचा फणस होता. तू विचारलंस. आम्ही सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. तू मशीन सुरू केलंस, फांदी चिरलीस, आणि ती आली. पानांचा तो एवढा मोठा ढीग जमिनीवर आदळला आणि तात्याकाका किंचाळले, "भागी खंय?"

मशीन बंद झालं. पांडू पानांकडे धावला. तेवढ्यात पानंच हलली आणि त्यातून भागी उभी राहिली, काखेत फाट्यांचा भारा, केसांत फणसाची पानं. जाड खांदी तिच्यापासून हातभर अंतरावर मातीत रुतली होती. तिने खांदीकडे बघितलं, मग वर तुझ्याकडे.

"तुज्या तोंडार शिरा पडो रे यशग्या!"

वरून तुझा आवाज आला. नेहमीपेक्षा बारीक. "गो भागी, तू होय म्हटलंस ना?"

"म्हटलंय तर! सगळ्यांनी म्हटल्यानी म्हणान म्हटलंय!"

सगळे हसले. हसू येणारच होतं, जीव भांड्यात पडला होता. पण तू हसला नाहीस. कमरेच्या दोरावर मागे टेकून तू नुसता बसून राहिलास. आम्ही हाका मारल्या, जेवणं झाली, तरी तू उतरला नाहीस. उतरलास तो थेट माझ्याकडे आलास.

"आक्का, खोटा कोण बोललो?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तेच तर. कोण खोटा बोललो नाय. भागी सुदिक नाय. मगे ती खांदी तिच्यार कशी इली?"

त्या रात्री तू जेवला नाहीस, असं इंदू म्हणाली. मला वाटलं, भीती बसली. पण सकाळी आलास तो डोळ्यांत ती टॉवेलच्या चिंध्या बघतानाची चमक घेऊन. म्हणालास, "गाऱ्हाण्यात होय म्हणताना कोण बघता काय गो? डोळे मिटलेले आसतत. तसाच होवक व्हया. ता होय म्हणजे उत्तर न्हय. सोबत ती. देवाक एकटो माणूस बोलता असा दिसा नये, म्हणान सगळी म्हणतत. आणि मी मेल्यान त्येच्यात माजो प्रश्न घुसवलो."

लहानपणापासून हजारदा होय म्हाराजा म्हटलं असेल, पण कशाला होय म्हटलं याचा विचार मी एकदाही केला नव्हता. त्या फणसाखाली मीही म्हटलं होतंच.

तुझी नवी पद्धत आली. गाऱ्हाणं सुरुवातीला, पूर्वीसारखं, नुसतं देवाचं. त्यानंतर झाडावरून जे विचारायचं ते असं की ज्याला होय म्हणून भागणारच नाही. "पांडू खंय?" "गडग्याकडे!" "भागी खंय?" "बावीर!" "तात्याकाका खंय?" दगडी कुंपण असो की विहीर, प्रत्येकाने आपली जागा सांगायची, आणि तू मान वळवून त्या जागी माणूस दिसतो का बघायचास. सवयीने कोणी होय म्हाराजा म्हणालं की मशीन सुरूच होत नसे. तात्याकाका फार चिडले.

"आता म्हाराजाक होय म्हणूचा नाय? बोटीर जावन बाटलंस काय रे?"

"म्हाराजाक म्हणा, काका. माका म्हणू नकात. तुमी खंय आसात ता सांगा."

"मी खंय आसतलंय? तुज्या डोळ्यांम्होर आसंय!"

"माज्या डोळ्यांम्होर पान आसा, काका."

काकांनी रुसून दोन कामांना येणं सोडलं. तिसऱ्याला आले आणि कोणी विचारण्याआधीच ओरडले, "तात्या पायरीर!"

मशीन चालू झाल्यावर मात्र कोणाचंच काही ऐकू येणार नाही, हे उरलंच होतं. त्यावर छत्रीचा तोडगा माझा. तुला दिसेल अशा मोकळ्या जागी मी मिटलेली छत्री घेऊन उभी राहायची. कोणी आत शिरलं, गुरं आली, काही खटकलं, की छत्री उघडायची. वरून पानांतून माणूस ओळखू येत नाही, पण काळी गोल छत्री एकदम डोळ्यांत भरते. मग उन्हाळ्यात छत्री घेऊन उभी असलेली मला बघून जाणारे येणारे विचारायचे, "पावस खंय इलो गो?" मी उत्तर देत नसे. उत्तर देताना नजर हलते.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही, ती आज सांगते. काम संपवून तू खाली उतरलास, पाय जमिनीला लागले, की तुझे गुडघे थरथरायचे. दर वेळी. तू लगेच मशीन पुसायच्या निमित्ताने खाली बसायचास, म्हणून कोणाला दिसत नसे. मला दिसायचं. एकदा, गुडघ्यांचं न काढता, मी विचारलं, भीती वाटते तर चढतोस कशाला? तू कानशी घासत होतास. मान वर न करता म्हणालास, "भियातंय म्हणान तर गाठ दोनदा बघतंय." मी पुढे काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तो प्रश्न चढतोस कशाला असा होता, आणि तू उत्तर दिलंस ते कसा चढतोस याचं. कशाला चढायचास रे? तीन वर्षं बोटीच्या पोटात, पाण्याखाली, दिवस-रात्र दिव्याच्या उजेडात काढलेल्या माणसाला उंच जागा हवीशी वाटली असेल, अशी माझी समजूत. पण ती माझी समजूत आहे. तुझं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि पांडूला भीती वाटत नाही. आज खांबाला टेकून त्याने विचारलं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "भीती नाही वाटत?" तो हसला. "माका? मी न्हानपणापासून माडार आसंय."

मी आधी ठरवलं होतं की यावरून नाही म्हणायचं. ज्याला भीती वाटत नाही तो गाठ एकदाच बघेल. पण मग वाटलं, हा अन्याय होईल. गाठी पांडूला तुझ्याइतक्याच येतात, तूच शिकवल्यास. मशीन बंद करून सरकायचं त्याला ठाऊक आहे. माझं सगळं बोलणं तो ऐकतो. नुसती भीती वाटत नाही म्हणून कोणाला थांबवायचं? मग मला अडवतंय ते काय, हे शोधत बसले. आणि तुझं ते दुकानदारांशी झालेलं भांडण आठवलं.

त्यांच्या परसातला आंबा होता, विहिरीवर आलेला. आम्ही सगळे पोचलो, पांडू आला नव्हता. तो कुणकेश्वरला लग्नाला गेलेला आणि परतायला गाडी चुकलेली. तू झाड बघितलंस, पांडू नाही म्हणून कळलं आणि दोर गुंडाळायला लागलास. दुकानदार भडकले.

"एक माणूस नाय म्हणान काम बंद? दोर मी धरतंय. तो पांडू करता काय? कमरेक पट्टो बांधून झाडाखाली बसताच ना? पान खाता आणि पैशे घेता!"

तू म्हणालास, "त्येचा बसणाच माका व्हया."

दुकानदारांना कळलं नाही. मलाही त्या दिवशी नीट कळलं नव्हतं. खरं तर मीही तुला एकदा म्हटलं होतं की पांडूने दुसरा पट्टा बांधून नुसतं बसण्यापेक्षा फांद्या ओढाव्यात. त्यावर तू एवढा रागावलास की मी विषय सोडला. वर बांधलेला माणूस बेशुद्ध पडला, हात कापला गेला, किंवा तापाने चक्कर आली, तर त्याच दोरांनी तो तिथेच लटकत राहणार, खाली पडणारही नाही आणि उतरणारही नाही. तेव्हा ज्याला चढता येतं, ज्याचा पट्टा आधीच बांधलेला आहे, ज्याचा दोर मोकळा आहे, असा एक जण खाली हवा. तो दमलेला नको, हातात काम नको. पांडूला तुझ्यासाठी एकदाही चढावं लागलं नाही, म्हणून आम्हाला तो रिकामा बसल्यासारखा दिसायचा. वर तू होतास, पण काम दोघांचं होतं.

अंथरुणावर तू शेवटचं नीट बोललास ते मला आठवतं. डोळे पिवळे, आवाज खोल. मी जवळ वाकले. मला वाटलं, इंदूचं काही सांगशील, मुलींचं काही. तू म्हणालास, "पांडूक सांग, रेड्यातला पेट्रोल काडून ठेव. उन्हान टाकी फुगता." मी हो म्हटलं, आणि त्याच दुपारी काढवलं. तेव्हा मला थोडा राग आला होता, आता येत नाही. ते बोलणं मला पुरतं.

कालचं लिहिणं इथे थांबलं होतं. आज सकाळी, गुरुवारी, पांडू आला. मी त्याला रेडो देणार नाही असं म्हटलं नाही. मी त्याला विचारलं, "तू वर असलास तर खाली पट्टा बांधून कोण बसणार?"

तो म्हणाला, "तुमी आसात ना."

"मला चढता येत नाही."

"तात्याकाका."

मी म्हटलं, "तात्याकाका चढणार?" तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "आक्का, दादाक मी होतंय. माका कोण नाय."

आम्ही दोघं पडवीच्या पायरीवर बसलो. गावात चढणारे पुष्कळ आहेत, माडावर जाणारे प्रत्येक वाडीत आहेत. पण दुसऱ्यासाठी दिवसभर काही न करता बसून राहील, लोक हसले तरी उठणार नाही, आणि वेळ आली तर चढेल, असा माणूस हवा. पांडूने दोन नावं सांगितली. एकाला पान खायला उठायची सवय आहे, दुसरा मुंबईला गेला. तिसरं नाव मी सुचवलं, त्याला पांडू म्हणाला, "बघतंय विचारून." मग तो तुझा पट्टा घेऊन शाळेच्या आंब्याखाली गेला, नुसता खोडाचा घेर बघायला. चढला नाही.

मशीन इंदूच्या खोलीत माळ्यावर आहे, तेल लावून. मी मास्तरांना निरोप पाठवला आहे की मुलं आणखी काही दिवस ओटीवरच बसवा. दुपारी शेजारच्या वाडीत जाऊन त्या तिसऱ्या माणसाला भेटायचं आहे. खाली बसायला तो तयार झाला, तर आधी आठ दिवस त्याला नुसतं बसवून बघायचं. ते अजून झालेलं नाही, आणि फांदी शाळेवर आहे.